सैनिकी अकादमीच्या नौकानयन विभागात स्वयंसेवी सल्लागार: काम काय, अधिकार किती, चुकतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका सैनिकी अकादमीच्या नौकानयन विभागाने तुम्हाला स्वयंसेवी सल्लागार म्हणून बोलावलं आहे. तीस वर्षं तुम्ही शिडाच्या बोटी चालवताय, खोल समुद्रातल्या शर्यतीही केल्यात, पण गणवेश कधी घातलेला नाही. तेव्हा तिथे तुमचं नेमकं काम काय, अधिकार किती आणि माणसं चुकतात कुठे?

अधिकारापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. तुमच्याकडे अधिकार शून्य असेल आणि तो शून्यच असायला हवा. बोट कुणाला द्यायची, कोणता कॅडेट कप्तान होणार, आज हवा बघून बाहेर पडायचं की नाही, हे सगळं विभागाचे प्रभारी अधिकारी ठरवतात, आणि काही बरंवाईट झालं तर जाबही त्यांनाच द्यावा लागतो. जाब ज्याचा, शब्दही त्याचाच. हे मनापासून पटत नसेल तर पद घेऊ नका. अतिशय कसलेले, मनाने चांगले नाविक मी या एका कारणावरून कडवट होऊन सोडून जाताना पाहिलेत.

मग अकादमीला तुमची गरज काय? माझ्या मते सगळ्यात मोठी गरज आठवणीची असते. प्रभारी अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते. कॅडेट तीन-चार वर्षांत पास होऊन जातात. बोटी मात्र वीस-वीस वर्षं त्याच धक्क्याला असतात. कोणती बोट कधी आपटली, कोणती सवय कोणत्या अपघातानंतर लावली, अमुक नियम कशासाठी आला, हे ठाऊक असलेला माणूस दर काही वर्षांनी निघून जातो. राहतो तो सल्लागार.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका अकादमीत (नाव सांगत नाही) मी एका बोटीवर गेलो. सहा-सात नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेग आला की सुकाणूच्या चाकाला बारीक थरथर जाणवायची. कॅडेट म्हणाले, ही बोट अशीच आहे, सर. प्रभारी अधिकारी नवे होते, त्यांनाही आधीच्यांनी तेच सांगितलेलं. मी घरी जाऊन जुनी वही काढली. सहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली: ओहोटीला खडकाळ तळावर टेकली, सुकाणूचं खालचं टोक घासलं, तात्पुरता लेप दिला, हंगाम संपल्यावर सुकाणू उतरवून बघायचं ठरलं. हंगाम संपला, अधिकारी बदलले, फाइल कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी मी ती नोंद साहेबांना दाखवली. त्यांनी बोट यार्डात घेतली. सुकाणू खाली काढलं तेव्हा खालच्या बेअरिंगच्या जरा वर दांड्याला नखाने जाणवेल एवढी चीर होती आणि पात्याच्या सांध्यातून तपकिरी पाणी झिरपत होतं. तीच बोट तीन आठवड्यांनी दहा जणांना घेऊन रात्रीच्या सफरीला जायची होती. त्यात माझं कौशल्य काही नव्हतं. मी फक्त लिहून ठेवलं होतं आणि मी तिथेच होतो.

या कामाचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना अमेरिकेत ॲनापोलिसला आहे. तिथली नौदल अकादमी १८४५ सालची, सेव्हर्न नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथे वसलेली. तिच्या नौकानयन विभागाला सल्ला देणारी फेल्स समिती अनेक दशकं काम करते आहे. डीकोर्सी फेल्स हे न्यूयॉर्कचे नामांकित नौकानयनपटू; ‘निन्या’ ही त्यांची स्कूनर (दोन किंवा अधिक डोलकाठ्यांची शिडाची बोट) १९६२ ची बर्म्युडा शर्यत जिंकली होती. समितीला त्यांचंच नाव आहे. समितीत अनुभवी नागरी नाविक असतात, अकादमीचे माजी विद्यार्थी असतात. ते अकादमीच्या प्रमुखांना सल्ला देतात, विभाग त्यांच्या हुकमात नसतो. तुम्हाला बोलावणाऱ्यांच्या मनात असंच काहीसं असणार. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: मी सल्ला कुणाला देणार, अकादमीच्या प्रमुखांना की विभागप्रमुखांना? हे कागदावर यायला हवं. नाहीतर वर एक बोललं जातं, खाली दुसरं, आणि मध्ये विभागप्रमुखाला वाटतं की आपल्या पाठीमागे कुणीतरी बोलतंय. सुरक्षेची कोणतीही गोष्ट आधी विभागप्रमुखाच्या कानावर, त्याच दिवशी, आणि मगच वर, तेही त्याला सांगून. हा क्रम मी कधी मोडलेला नाही.

आता बोटीवरचं. खरी कसोटी तिथेच लागते.

लष्कराला आज शिडाच्या बोटी कशाला हव्यात, असं लोक मला नेहमी विचारतात. ॲनापोलिसच्या ४४ फुटी बोटींवर उन्हाळी सफरीत साधारण आठ कॅडेट आणि दोन अनुभवी माणसं असतात. पाळ्या लावून रात्रंदिवस बोट चालते. वीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती आपल्याच वयाच्या सात जणांचा जीव असतो, आणि चूक झाली तर वारा लगेच हिशोब मागतो. वर्गात हे उभं करता येत नाही. म्हणून तुम्ही बोटीवर असताना कॅडेटचा निर्णय तुम्ही घेऊन टाकलात, तर ज्या कारणासाठी अकादमीने ती बोट ठेवली आहे तेच कारण तुम्ही काढून घेतलंत.

पण गप्प बसणंही सोपं नाही. एका संध्याकाळचं सांगतो. एक मुलगी कप्तान होती, दुसऱ्या वर्षाची, हुशार, जरा हट्टी. वारा १४ नॉट होता तो हळूहळू चढायला लागला. १६, मग १८. मी मागे बसलो होतो, नजर वाऱ्याच्या बाजूच्या पाण्यावर. पाणी गडद होत चाललेलं, लाटांचे माथे फुटायला लागलेले. मेनसेलला, म्हणजे मुख्य शिडाला, रीफ घ्यायची (शीड थोडं गुंडाळून लहान करायची) वेळ झाली होती. तिला ते दिसत होतं, पण बरोबरची बोट अजून पूर्ण शिडावर होती आणि तिला मागे पडायचं नव्हतं. २० झाला. सुकाणूवरच्या मुलाचे दंड भरून आले, बोट सारखी वाऱ्यात नाक खुपसू लागली. मी बोललो नाही. २२ वर तिने हाक दिली, रीफ! तोपर्यंत शीड इतकं फडफडत होतं की रीफची दोरी बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) टोकाशी अडकली. दोन जण डोलकाठीशी, एक जण बूमखाली, सगळे ओलेचिंब. जे काम चार मिनिटांत व्हायचं त्याला पंधरा लागली. धक्क्याला परतल्यावर मी तिला एवढंच विचारलं, की तुझ्या मनात रीफचा विचार पहिल्यांदा कधी आला? ती म्हणाली, सोळाला. मग आम्ही हिशोब मांडला: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १४ चे २२ झाले की शिडावरचा भार जवळजवळ अडीचपट. तिने तो आकडा स्वतःच्या वहीत लिहून घेतला. पुढच्या सफरीला तिने सोळालाच रीफ घेतली.

मी तेव्हा गप्प बसू शकलो, कारण माझी रेष आधीच ठरलेली होती. निघण्यापूर्वी मी आणि बोटीवरचा जबाबदार अधिकारी ठरवून घेतो: वारा २५ च्या वर गेला, मैलभरात मोठं जहाज आलं, कुणी हार्नेस (बोटीला अडकवायचा सुरक्षा-पट्टा) न अडकवता पुढे गेलं, तळ ठरलेल्या खोलीपेक्षा वर आला, तर बोलायचं. या रेषेच्या आत कितीही चुका होऊ देत, तोंड बंद. रेष ओलांडली की बोलायचं ते अधिकाऱ्याशी, कॅडेटशी नाही. आणि जीवावरचंच असेल, तर कोणाशीही, मोठ्याने. बोट ताब्यात घ्यायची वेळ आली तर ती अधिकाऱ्याने घ्यायची, ठरलेल्या शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. हळूच हात घालून चाक वळवायचं नाही. दोघांचे हात चाकावर असले की बोट कोण चालवतंय हे कुणालाच कळत नाही, आणि ती वेळ सगळ्यात धोक्याची.

दुसरी गोष्ट, जी नागरी नाविकांच्या पटकन लक्षात येत नाही. कॅडेट ‘येस सर’ म्हणतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं. तुम्ही विचारलंत, प्रीव्हेंटर (बूम अचानक फिरू नये म्हणून बांधायची दोरी) कसा लावायचा माहीत आहे ना? येस सर. बोलाइनची गाठ येते ना? येस सर. माहीत नसलं तरी उत्तर तेच. त्यात खोटेपणा नाही, शिस्तीची ती सवय आहे. परेडच्या मैदानावर त्याने काही बिघडत नाही. रात्री दोन वाजता जाइब करताना (वारा मागे असताना शीड एका बाजूहून दुसऱ्या बाजूला घेताना) बूम डोक्यावरून जाते तेव्हा बिघडतं. म्हणून ‘येतं का’ हा प्रश्नच विचारू नका. दोरी हातात द्या आणि म्हणा, मला करून दाखव. डोळे मिटून करून दाखव. मागे हात घेऊन करून दाखव.

आणि याच कारणाने तुम्ही त्यांच्या फार उपयोगाचे असता. तुम्ही त्यांना गुण देत नाही, शेरा लिहीत नाही. रात्रीच्या पाळीत चहाचा कप हातात धरून एखादा कॅडेट तुम्हाला सांगून जातो, की सर, मला पुढच्या डेकवर जायची भीती वाटते. हे तो अधिकाऱ्याला सांगणार नाही. असं ऐकलं की मी त्याच्याबरोबर पुढे जातो, दिवसा, शांत पाण्यात, दोन-तीनदा. त्याचं नाव कुठे जात नाही. मात्र त्याने सांगितलेली गोष्ट सगळ्यांच्या जीवाशी निगडित असेल, समजा एखाद्या बोटीवर लाइफजॅकेटचे सिलिंडर तपासलेच जात नाहीत, तर ती त्याच दिवशी विभागप्रमुखाकडे जाते, नाव न घेता. कॅडेटला मी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, म्हणजे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही. तक्रारी वर नेणारा माणूस अशी मात्र ओळख होऊ देऊ नका. जेवण, झोप, शिक्षा यांत पडायचं नाही.

पाण्यात पडलेल्या माणसाला परत घेण्याच्या सरावाबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे, आणि तुम्हीही व्हा. सहा नॉटने जाणारी बोट सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. ‘माणूस पडला’ ही हाक ऐकून कुणी काही करेपर्यंत अर्धा मिनिट गेला, तर तो माणूस नव्वद मीटर मागे राहिलेला असतो, आणि मीटरभर लाटांत नव्वद मीटरवरचं डोकं दिसतं आणि गायब होतं. म्हणूनच ‘क्विक स्टॉप’ शिकवतात: हाक आली की लगेच बोट वाऱ्यात वळवायची, जिब (पुढचं शीड) उलटी भरू द्यायची आणि माणसाभोवती जवळूनच फेरी मारायची. दूर जाऊन परत यायचं नाही. हे बहुतेक ठिकाणी फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या कडेला लावायचा हवा भरलेला गोळा) पाण्यात टाकून शिकवतात आणि फेंडर हुकने उचलला की टाळ्या. फेंडर दोन किलोचा असतो. भिजलेला माणूस कपड्यांसकट शंभराच्या घरात जातो आणि डेक पाण्यापासून मीटरभर उंच.

एकदा मी स्वतः वेटसूट घालून, जवळ सुरक्षा बोट ठेवून, बंदराच्या शांत पाण्यात उतरलो आणि कॅडेटना म्हटलं, मी हातपाय हलवणार नाही, मला वर घ्या. ते दोन मिनिटांत माझ्यापाशी आले. वर घ्यायला नऊ मिनिटं लागली. मला वर ओढायचं होतं ते स्पिनॅकरच्या हॅलियार्डने, म्हणजे पुढचं फुगीर शीड वर चढवायच्या दोरीने; ती ज्या बाजूने ओवली होती तिथून तिचा शॅकल (टोकाची कडी) माझ्यापर्यंत पोचतच नव्हता, हातभर कमी पडत होता. कुणाच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण फेंडरला हॅलियार्ड लागत नाही. थंड पाण्याचा साधा हिशोब नाविक ‘एक-दहा-एक’ असा लक्षात ठेवतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे असतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. आमच्या नऊ मिनिटांत त्या दहातली जवळजवळ सगळी गेली असती. त्या आठवड्यात प्रत्येक बोटीवर मोजून दोरी वाढवली, आणि खरा माणूस वर घेण्याचा सराव वेळापत्रकात आला. सल्लागार म्हणून एवढं एकच काम करायची मुभा मिळाली असती तर मी हेच केलं असतं.

याच संदर्भात १९७९ ची फास्टनेट शर्यत (इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणारी) कॅडेटना नीट समजावून सांगा. ३०३ बोटी निघाल्या, वादळात शर्यतीतले १५ जण गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यांतल्या फक्त पाच बुडाल्या. उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. काहींचे हार्नेस किंवा ते जिथे अडकवले ती जागाच तुटली. मुलांना भीती घालायला हे सांगू नका. चौकशीत काय निघालं आणि त्यामुळे आज आपल्या बोटीवर काय काय बदललेलं आहे, ते हात लावून दाखवा: ही जॅकलाइन (हार्नेस अडकवायला डेकवर ताणलेली दोरी), हा आय-बोल्ट (कडीचा बोल्ट), ही त्याच्या मागची पट्टी. हात लावून बघितलेली वस्तू मुलं विसरत नाहीत.

बोटी दान मिळण्याचा विषय निघणारच. सल्लागार मंडळात श्रीमंत ओळखी असतात, आणि कुणीतरी आपली जुनी शर्यतीची बोट अकादमीला द्यायला तयार होतो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. बोटीचे मोजावेतच. कील बोल्ट (तळाचा जड भाग धरून ठेवणारे), चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा जिथे बांधतात त्या पट्ट्या), डोलकाठीच्या तारांचं वय (दहा-बारा वर्षांपुढच्या तारा मी बदलायलाच सांगतो, वरून कितीही चकचकीत दिसोत), इंजिन, शिडं, आणि धक्क्याला जागा आहे का. शर्यतीसाठी बांधलेली हलकी, चपळ बोट नवशिक्या कॅडेटच्या हाती द्यायची नसते, मग ती कितीही महाग असो. ॲनापोलिसने याबाबतीत शहाणपण दाखवलं आहे: त्यांच्या ४४ फुटी बोटी प्रशिक्षणासाठीच आखून घेतलेल्या, मॅकर्डी आणि ऱ्होड्स यांच्या आराखड्याच्या, आणि पुढची पिढी डेव्हिड पेड्रिक यांची. सगळ्या सारख्या. एका बोटीवर शिकलेला कॅडेट दुसऱ्या बोटीवर अंधारातही विंच (दोऱ्या ओढायचं चक्र) शोधू शकतो. दानातून जमलेल्या सात प्रकारच्या सात बोटींवर ते होत नाही. नको असलेल्या दानाला नम्रपणे ‘नाही’ म्हणणं हे सल्लागाराचं काम आहे. अधिकाऱ्याला दात्यापुढे ते जड जातं, तुम्हाला जमतं.

शर्यतींबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. तुम्ही शर्यतवाले आहात, म्हणून स्पष्टच लिहितो. शर्यतीचा संघ दहा-वीस जणांचा. प्रशिक्षणात शेकडो कॅडेट येतात. चांगला सल्लागार नकळत संघाकडे ओढला जातो, कारण तिथे त्याला स्वतःची भाषा ऐकू येते. मग नवी शिडं संघाला, आणि प्रशिक्षणाच्या बोटींवर ठिगळं. मी दर बैठकीत एकच गोष्ट विचारतो: ज्याने आयुष्यात कधी बोट पाहिली नव्हती त्या कॅडेटला या पैशातून काय मिळालं? शर्यती हव्यातच. न्यूपोर्ट ते बर्म्युडाची ६३५ सागरी मैलांची शर्यत, मध्ये आडवा गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह, ती कॅडेटला जे शिकवते ते कुठलाही वर्ग शिकवणार नाही. पण ती मजल प्रशिक्षणाच्या पायावर उभी राहते.

कागदपत्रांचं लवकर आटोपतो. नेमणुकीचं लेखी पत्र, मुदतीसह. तुमचा विमा, तुम्ही बोटीवर असताना अकादमीचा विमा तुम्हाला धरतो का. वैद्यकीय तपासणी. प्रथमोपचार आणि रेडिओचे दाखले ताजे. तुमचं यार्ड किंवा शिडांचं दुकान असेल, नातेवाइकाचं असेल, तर पहिल्याच बैठकीत सांगून टाका आणि खरेदीच्या चर्चेतून उठून बाहेर जा. बोटीवर दारू नाही, सफर संपल्यावर कॅडेटबरोबरही नाही.

पहिल्या हंगामात काही सुचवू नका. हे मी अगदी मनापासून सांगतोय. सकाळी लवकर जा, कॅडेट बोट तयार करतात ते बघा, दोऱ्या गुंडाळायला मदत करा, यार्डातल्या कारागिरांशी बोला. त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. सुकाणूची ती तात्पुरती लेपाची गोष्ट मला मुळात एका कारागिरानेच सांगितली होती, म्हणून ती माझ्या वहीत आली.

आणि वही ठेवाच. तारीख, बोट, हवा, काय झालं, थोडक्यात काय निसटलं. ‘थोडक्यात निसटलं’ ही नोंद सगळ्यात मोलाची, कारण अपघाताचा अहवाल होतो, निसटलेल्याचा होत नाही. नावं लिहू नका, म्हणजे वही कुणालाही दाखवता येते. तुमची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी पुढच्या सल्लागाराला बरोबर घेऊन फिरा. माझी मुदत या हंगामात संपते आहे. चार वह्या आहेत. माझ्या जागी येणाऱ्या बाईंना मी पहिल्या दोन दिल्यात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, की दुसऱ्या वहीत तीन नंबरच्या बोटीच्या पुढच्या हॅचबद्दल (डेकवरच्या झाकणाबद्दल) नोंद आहे, ती अजून तशीच गळते आहे का? मला आठवत नव्हतं. त्या शनिवारी जाऊन पाण्याचा पाइप लावून बघणार आहेत.